दिवाळीच्या साफसफाईत रेकॉर्डी कबाडीवाल्याला देण्याआधी एकदा नंबर वाचा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात दिवाळीच्या साफसफाईवर पानभर मजकूर आला होता, सज्ज्यावरची अडगळ कशी काढायची, काय ठेवायचं, काय टाकायचं, आणि त्यात जुन्या कॅसेटी, रेकॉर्डी, बंद पडलेले टेप हे सगळं एकाच ओळीत टाकायच्या यादीत होतं. ते वाचल्यापासून चैन पडत नाहीये म्हणून लिहितोय. पत्र लांबलंय, कापलं तरी चालेल, पण शेवटची विनंती तेवढी छापा.

मागच्या वर्षी याच दिवसांत मी गड्डीगोदामकडून येत होतो, तर रस्त्याच्या कडेला एका कबाडीवाल्यानं ताडपत्रीवर रेकॉर्डी पसरलेल्या. कुणाच्या तरी घरातून आख्खी दोन चुंगडी, म्हणजे पोती, निघालेली. कव्हरं फाडून वेगळी गठ्ठा बांधून ठेवलेली आणि काळ्या तबकड्या नुसत्या उघड्या उन्हात. ऑक्टोबरचं आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. वरच्या दोन तर कडेनं पापडासारख्या उचलल्या गेल्या होत्या. मी म्हटलं, अरे भाऊ, कव्हर काहून फाडले, तर म्हणे "काका, गत्त्याले भाव आहे, याले तं कोनी पुसत बी नाई." त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, तो त्याच्या धंद्यानं बरोबर वागला. पण कव्हर गेलं म्हणजे वाजवणाऱ्यांची नावं गेली, गाव गेलं, साल गेलं. उरलेल्या तबकडीवर मधे छोटंसं कागदी लेबल आणि तेही अर्धं खरवडलेलं.

मी ती दोन्ही चुंगडी घेतली, ऑटोत घातली आणि घरी आणली. त्यात काय निघालं ते पुढे सांगतो. पण माझा जीव एवढा का तुटला ते कळायला आधी एका माणसाबद्दल सांगावं लागेल जो नागपूरला कधी आला नाही.

आमचं बालपण अजनीच्या रेल्वे क्वार्टरमधलं. माझा मोठा भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, त्याला १९६० च्या दशकात शॉर्टवेव्हचं वेड लागलं. व्हॉइस ऑफ अमेरिकावर विलिस कोनोव्हर नावाचे गृहस्थ जॅझचा कार्यक्रम करायचे, १९५५ पासून सुरू होता तो, आणि ते मुद्दाम अगदी हळू, एकेक शब्द सुटा करून बोलायचे कारण ऐकणारे सगळे आमच्यासारखे, इंग्रजी पुस्तकातून शिकलेले. स्टेशन कधी स्वच्छ लागायचं, कधी नुसती खरखर. दादा अंधारात रेडिओच्या डायलच्या उजेडात वहीवर नावं लिहायचा, देवनागरीत, जशी ऐकू आली तशी. ती वही अजून आहे. एका पानावर निळ्या शाईत लिहिलंय, "मिंगस, डबल बेस. सॅक्सोफोन जे. आर. मोंटी रोज, फार छान" आणि "फार छान" खाली दोन रेघा.

तो माणूस म्हणजे जे. आर. मॉन्टेरोज. खरं नाव फ्रँक अँथनी मॉन्टेरोज ज्युनियर, त्या ज्युनियरचंच पुढे जे. आर. झालं. जन्म १९२७ चा, डेट्रॉइटचा, वाढला न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावात, टेनर सॅक्सोफोन वाजवायचा. चार्ल्स मिंगसची १९५६ ची पिथेकॅन्थ्रोपस इरेक्टस नावाची गाजलेली रेकॉर्ड आहे त्यात टेनर सॅक्सोफोन याचा आहे. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला ब्लू नोट कंपनीनं त्याच्या स्वतःच्या नावावर रेकॉर्डिंग केलं, पियानोवर होरेस सिल्व्हर, ड्रमवर फिली जो जोन्स, म्हणजे त्या काळातले एक से एक. (तारीख बघा, त्याच्या बरोबर एक आठवडा आधी, १४ ऑक्टोबरला, आपल्या नागपुरात दीक्षाभूमीवर काय घडलं होतं. मला दोन्ही तारखा एकत्रच आठवतात.) एवढं सगळं जुळून आलेलं असताना हा माणूस पुढे मोठ्या शहरांत राहिलाच नाही. १९५९ मधे जारो नावाच्या छोट्या कंपनीनं त्याची एक एलपी, म्हणजे मोठी रेकॉर्ड, ध्वनिमुद्रित केली आणि मग तो लहान लहान गावांतून वाजवत फिरला, नंतर काही वर्षं युरोपात राहिला, आणि १९९३ मधे गेला. आवाज कसा होता म्हणाल तर तुटक, छोट्या छोट्या तुकड्यांत बोलणारा, अचानक थांबून दुसरीकडूनच सुरुवात करणारा. आपल्याकडे एखादा गवई सम जवळ आली तरी शेवटपर्यंत कळू देत नाही ना, तसं काहीसं.

आता त्याची जी रेकॉर्ड मी शोधत होतो ती १९६४ ची, नाव इन अ‍ॅक्शन, लेबलचं, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्याचं, नाव स्टुडिओ फोर. ही कुठल्या मोठ्या कंपनीनं काढलेली नाही. आयोवा राज्यात सीडर रॅपिड्स म्हणून गाव आहे, ओट्सच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध, तेव्हाची वस्ती लाखाच्या आसपास. आपल्याकडे गोंदिया म्हटलं की राइस मिल डोळ्यांसमोर येते तसं. तिथल्या जो अबोडीली नावाच्या ड्रमरच्या स्थानिक त्रिकुटासोबत मॉन्टेरोज वाजवायचा आणि त्यांच्यासोबतच ही रेकॉर्ड झाली. यालाच प्रायव्हेट लेबल म्हणतात. म्हणजे कसं, एखादा कवी पदरमोड करून संग्रह छापतो, दोनतीनशे प्रती, थोड्या मित्रांना देतो, थोड्या कार्यक्रमाच्या टेबलावर विकतो आणि उरलेल्या दिवाणाखाली, अगदी तसंच. वाजवणारे किंवा क्लबवाले स्वतः पैसे भरून कारखान्यातून थोड्या तबकड्या दाबून आणायचे आणि कार्यक्रम संपला की दारात विकायचे. दुकानात जायच्या नाहीत, रेडिओवर वाजायच्या नाहीत, कॅटलॉगमधे यायच्या नाहीत. सन रा म्हणून एक बँडवाले होते, शिकागोचे, त्यांचं सॅटर्न नावाचं स्वतःचं लेबल होतं, तर त्यांची मंडळी कव्हरं हातानं रंगवायची. एकासारखं दुसरं नाही.

मोठ्या कंपनीची रेकॉर्ड हरवली तरी कंपनीच्या रजिस्टरमधे नोंद असते, मूळ टेप कुठे तरी कपाटात असते. प्रायव्हेट लेबलचं तसं नसतं, हातातली प्रत हीच नोंद आणि हीच टेप. अमेरिकेत तर १५ फेब्रुवारी १९७२ च्या आधीच्या ध्वनिमुद्रणाला तिथल्या केंद्राच्या कायद्यात कॉपीराइटच नव्हता, त्यामुळे नोंदणीसाठी सरकारी ग्रंथालयात प्रत जमा करायचा प्रश्नच नव्हता. आपल्याकडे पुस्तकाचं बघा, १९५४ च्या कायद्यानं प्रकाशकाला प्रत्येक पुस्तक कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना पाठवावं लागतं, त्यातलं एक मुंबईत आहे, नंतर त्यात वर्तमानपत्रंही आली. म्हणजे तुमच्या पेपरचा हा अंक कुठे तरी जपला जाईल. रेकॉर्डीसाठी, कॅसेटीसाठी त्या कायद्यात एक ओळ नाही. हे मला कळलं तेव्हा मी खरंच रात्रभर जागा होतो.

शोध म्हणजे काय केलं तर आधी मुंबईला गेलं की काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे रेकॉर्डींचं दुकान, तेही २०१६ मधे बंद झालं, मग चोरबाजार, मटन स्ट्रीटवर बसून तासन् तास ढीग उपसणं. मॉन्टेरोज हे नाव ऐकलेला माणूस भेटला नाही. मग पुतण्यानं इंटरनेट शिकवलं. ज्या गावात रेकॉर्ड निघाली त्या गावाच्या आसपासच शोधायचं ही अक्कल मला फार उशिरा आली, कारण प्रायव्हेट रेकॉर्ड गावाबाहेर जातच नाही, ती जिथे विकली गेली तिथल्याच घरांत पडून असते. मग मी आयोवातल्या जुन्या सामानाच्या दुकानांना ईमेल लिहायला लागलो. न्यूयॉर्कच्या, लॉस एंजेलिसच्या डीलरला नाही, साध्या दुकानदारांना, जे घर रिकामं झालं की सगळं सामान एकत्र उचलतात. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एका बाईंनी दिलं, पुढची तीन वर्षं आमचा पत्रव्यवहार चालला, त्यांच्याकडचा बर्फ आणि आपल्याकडचा उन्हाळा असं सगळं बोलून झालं, आणि एक दिवस त्यांनी फोटो पाठवला. कव्हर एका बाजूनं ओल लागलेलं, पण तीच.

पैसे पाठवले, आणि नेमकं पार्सल निघालं एप्रिलमधे. मी त्यांना म्हटलं होतं जूननंतर पाठवा, पण त्यांना वाटलं मी सौजन्य म्हणून म्हणतोय. पार्सल ज्यांनी आणलं त्यांनी बेल न वाजवता गेटच्या आत, पश्चिमेच्या भिंतीला टेकवून उभं ठेवलं आणि निघून गेले. पंचेचाळीस डिग्री. आम्ही आत कूलरसमोर. संध्याकाळी पाणी भरायला बाहेर आलो तेव्हा दिसलं. पुठ्ठा हाताला चटका बसेल इतका तापलेला. उघडलं तर तबकडी एका बाजूनं वाकलेली, टेबलावर ठेवली तर खालून बोट जाईल एवढी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

मग जुन्या टेबलाच्या दोन जाड काचा धुऊन पुसून घेतल्या, तबकडी मधे ठेवली आणि वरती आईचा पाटा. हो, वाटायचा दगडी पाटा, बारा किलोचा असेल. सावलीतल्या खोलीत, कूलर बंद करून, म्हणजे खोलीची जेवढी ऊब तेवढीच. रोज बघायचो नाही, दर रविवारी बघायचो. पाचव्या रविवारी बरीच बसली. अजूनही पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला सुई वर खाली होते आणि आवाज लाटेसारखा येतो, पण दुसऱ्या गाण्यापासून स्वच्छ. दादाला आणलं. त्याला आता कमी ऐकू येतं, स्पीकरला कान लावून बसला. रेकॉर्ड संपल्यावर त्यानं वही मागितली, भिंग मागितलं, लेबलवरचं स्पेलिंग एकेक अक्षर बघितलं, आणि "मोंटी रोज" खोडून त्याच्या वर नीट "मॉन्टेरोज" लिहिलं. तारीख टाकली. काही बोलला नाही.

तर आता तुम्ही म्हणाल, हे आयोवातलं, याचं नागपूरला काय. तेच सांगतो.

त्या दोन चुंगड्यांत बहुतेक सिनेमाची गाणी होती, काही शाळेच्या प्रार्थना, काही इंग्रजी डान्सच्या. पण एक तबकडी वेगळी निघाली. वजनाला हलकी, कडेला पापुद्रा सुटलेला आणि पापुद्र्याखाली चक्क अ‍ॅल्युमिनियम. ही कारखान्यात दाबलेली रेकॉर्ड नव्हे, ही एकच प्रत थेट यंत्रावर कोरलेली, हिला लॅकर म्हणतात. अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर नायट्रोसेल्युलोजचा थर असतो आणि त्यात एरंडेल तेल असतं, वर्षं गेली की ते तेल बिघडून पांढऱ्या भुकटीसारखं वर येतं आणि थर आक्रसून तडकतो. हिच्यावर पांढरी बुरशी दिसली म्हणून कुणीही टाकून देईल, ती बुरशी नाही. लेबलवर पेनानं लिहिलेलं, शाई उडालेली, "नागपूर" आणि पुढे "इन्स्टिट्यूट" एवढंच वाचता येतं. सदरमधे राहणाऱ्या एका वयस्क बाईंना दाखवलं, त्यांचे वडील रेल्वेत होते, त्या म्हणाल्या रेल्वे इन्स्टिट्यूटमधे पूर्वी नाच व्हायचे, बँड असायचा, सॅक्सोफोनवाले असायचे. मुंबई-कोलकात्याच्या हॉटेलांतल्या गोव्याच्या वादकांबद्दल लोकांना थोडंफार माहीत आहे, रूडी कॉटन म्हणून मोठे पारशी सॅक्सोफोनवादक होऊन गेले, ब्राझ गोन्साल्विस तर जॅझच्या लोकांना चांगलेच माहीत आहेत. पण त्या दोन शहरांना जोडणाऱ्या रेल्वेवर मधेच आपलं नागपूर आहे, इथे कोण वाजवत होतं? मी ती तबकडी वाजवलेली नाही. साध्या सुईनं वाजवली तर थर निघून येईल आणि जे आहे तेही जाईल. कागदात गुंडाळून उभी ठेवली आहे, सॅक्सोफोन आहे की भजन आहे मला माहीत नाही, आणि ज्या घरातून ती निघाली ते घर कुठलं हे कबाडीवाल्यालाही आठवत नाही. घर कळलं असतं तर कोण वाजवतंय तेही कळलं असतं कदाचित. तिथेच धागा तुटला.

आणि हे फक्त इंग्रजी बाजाचं नाही हो. आपल्या वस्त्यावस्त्यांत भीमगीतांच्या, कव्वालीच्या गायन पार्ट्या होत्या, त्यांनी वर्गणी करून कॅसेटी काढल्या, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या स्टॉलवर विकल्या. खडी गंमत, दंडार ही आपल्याकडची लोकनाट्यं करणाऱ्यांच्या, मोहल्ल्याच्या भजन मंडळांच्या कॅसेटी आहेत, डबीतल्या कागदावर एक फोटो आणि हातानं लिहिलेली गाण्यांची नावं. ही सगळी प्रायव्हेट लेबलंच आहेत, सीडर रॅपिड्ससारखीच. चाळीस वर्षांनी कुणी तरी दूरचा माणूस यातला एक आवाज ऐकून विचारेल, हा कोण होता, आणि तोपर्यंत आपण दिवाळीच्या दिवाळीला थोडं थोडं करून सगळं कबाडात घातलेलं असेल. माझं स्पष्ट मत आहे की मोठ्या गायकांच्या रेकॉर्डी वाचवायची काळजी करू नका, त्या हजारांनी आहेत. जी रेकॉर्ड कुणाला माहीत नाही तीच आधी वाचवा.

म्हणून साफसफाई करणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. रेकॉर्ड हातात आली की लेबलवर कंपनीचं नाव आहे का बघा. नसेल, किंवा कधीही न ऐकलेलं असेल, किंवा नुसतं पांढरं लेबल असेल, तर ती बाजूला काढा. गाणं संपल्यावर लेबलच्या भोवती जी कोरी पट्टी असते तिथे तबकडी तिरपी धरली की कोरलेला नंबर दिसतो, तो लिहून घ्या. त्या नंबरावरून कधी कधी साल निघतं, अमेरिकेत आरसीए कंपनी दुसऱ्यांसाठी रेकॉर्डी दाबून द्यायची तेव्हा नंबरात वर्षाचं अक्षर असायचं, आर असेल तर १९६४, एस असेल तर १९६५. कव्हर आणि तबकडी वेगळी करू नका. आडव्या एकावर एक रचू नका, पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, उन्हापासून लांब. आणि जुन्या जड, पडली की फुटणाऱ्या तबकड्या स्पिरिटनं अजिबात पुसू नका, त्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमधे विरघळते. आपल्याकडे पळसावर जी लाख धरते तीच ही.

ज्यांना घरात ठेवणं शक्य नाही त्यांच्यासाठी मुंबईला सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९० पासून आहे, फार मोठं काम केलंय त्यांनी. पण मोहननगरच्या आजीबाईंनी एक पिशवी घेऊन मुंबईला जावं असं कोण म्हणेल. मी इथल्या दोन ठिकाणी जाऊन विचारलं, नावं घेत नाही, माणसं चांगली होती. एका ठिकाणी म्हणाले जागा नाही, दुसऱ्या ठिकाणी म्हणाले पुस्तकं असतील तर द्या, रेकॉर्डीची नोंद करायला आमच्या रजिस्टरमधे कॉलम नाही. कॉलम नाही, एवढंच अडलंय! तर माझी नागपुरातल्या ग्रंथालयांना, कॉलेजच्या संगीत विभागांना हात जोडून विनंती आहे, वाजवायचं यंत्र नको, एसीची खोली नको, सध्या फक्त एक कपाट आणि एक रजिस्टर द्या. त्यात लेबल, नंबर, कुठल्या घरातून आली, घरच्यांना काय आठवतं, एवढंच लिहायचं. ते लिहायला मी रोज दुपारी बसायला तयार आहे, पैसे नकोत, आणि माझ्या ओळखीचे अजून दोघं निवृत्त गृहस्थ तयार आहेत. कायद्याची भीती असेल तर आपल्याकडे प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट ६० वर्षांचा असतो, म्हणजे १९६४ पर्यंत निघालेल्या रेकॉर्डींचा संपलेला आहे, आणि नुसती नोंद करायला तर कुठलाच कायदा आड येत नाही.

आणि एक खास विनंती. मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी गड्डीगोदाम, सदर, मोहननगर या भागातल्या ज्या कुटुंबानं दोन चुंगडी रेकॉर्डी दिल्या असतील त्यांनी कृपा करून तुमच्या कार्यालयात कळवावं. मी रागावलेलो नाही, परतही काही मागत नाही, उलट सगळ्या रेकॉर्डी नीट जपून ठेवल्या आहेत, हव्या असतील तर आणून देतो. मला फक्त ती अ‍ॅल्युमिनियमची तबकडी घरात कुणाची होती तेवढं विचारायचंय. घरात कुणी सॅक्सोफोन वाजवत होतं का, रेल्वेत कुणी होतं का, एखादा फोटो आहे का. माझा पत्ता तुमच्या कार्यालयात देऊन ठेवतो. दादाची वही घेऊन येईन, अजून चाळीसेक पानं कोरी आहेत.

आपला,
एक जुना वाचक
अजनी, नागपूर